हैदराबादेत बर्फ पडत नाही, मग गाडीत अँटिफ्रीझ कशाला? कूलंट बदलण्याआधी हे वाचा

बरकतपुरा (हैदराबाद) : देगलूर, उदगीर, निलंगा, उमरगा या सीमाभागातून हैदराबादला जाणाऱ्या गाड्यांची संख्या कमी नाही. कुणाला दवाखाना गाठायचा असतो, कुणाचं पोरगं तिकडं नोकरीला असतं. हैदराबादेत नोकरी करून गावी परतलेल्यांना बरकतपुऱ्यातल्या पीएफ कार्यालयाची चक्कर चुकत नाही. काचीगुडा, सुलतानबाजार भागात तर मराठी माणसांची जुनी नाती आहेत. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता.

या प्रवासात एक प्रकार हमखास ऐकू येतो. दीड-दोनशे किलोमीटर गाडी सुसाट आली, काहीच झालं नाही. आणि बरकतपुऱ्याच्या गर्दीत, सिग्नलला उभी असताना काटा लालवर गेला, बोनेटमधून वाफ निघाली. लोक म्हणतात, "गाडी उकळली." दोष मात्र हैदराबादच्या ट्रॅफिकला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा गाडीतच, घरून निघतानाच असतं.

हायवेला थंड, सिग्नलला गरम, असं का?

हायवेवर धावताना समोरून येणारा वारा रेडिएटरमधून जातो आणि पाणी थंड ठेवतो. रेडिएटर थोडा चोंदलेला असला तरी वाऱ्यामुळे निभावून जातं. गाडी गर्दीत अडकली की वारा थांबतो, सगळा भार रेडिएटरच्या फॅनवर येतो. त्यात मे महिन्यात चाळीसच्या वरचं ऊन आणि वर एसी. आत गंज, क्षार साचलेले असतील तर फॅन एकटा काय करणार?

अँटिफ्रीझचं खरं काम

नावावरून वाटतं की हे बर्फाळ भागासाठीचं औषध आहे. आपल्याकडं पाणी गोठत नाही, म्हणून बरेच जण बोअरचं किंवा नळाचं पाणी भरून मोकळे होतात. इथंच चूक होते.

बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं तर मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, हे खरं. पण तेच मिश्रण उकळतंही उशिरा. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, हे मिश्रण उघड्यावर १०६ ते १०८ अंशांना. रेडिएटरच्या झाकणाचा साधारण १५ पीएसआय दाब मिळाला की ही मर्यादा १२९ अंशांच्या आसपास जाते. म्हणून झाकणाचं रबर चिरलं असेल तर कूलंट कितीही चांगलं असो, गाडी लवकर उकळणार. झाकण बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात. ती ॲल्युमिनियमचं हेड, वॉटर पंप आणि रेडिएटर सांभाळतात. बोअरच्या जड पाण्यात ही रसायनं नसतात, उलट क्षार असतात. भांड्याच्या तळाला पांढरा थर बसतो तसाच थर आत बसतो आणि उष्णता बाहेर पडत नाही.

रंग बघून घेऊ नका

"आधी हिरवं होतं, हिरवंच द्या," असं दुकानात सांगणं धोक्याचं. कूलंटच्या रंगाचा सगळ्या कंपन्यांना बंधनकारक असा नियम नाही. हिरवं, लाल, गुलाबी, निळं हा नुसता रंग आहे. बघायची ती आतली रसायनं.

– आयएटी : जुन्या पद्धतीचं. सिलिकेट-फॉस्फेटवर चालतं, साधारण दोन वर्षांत कमजोर पडतं.
– ओएटी : सेंद्रिय आम्लांवर आधारित. पाच वर्षांच्या आसपास टिकतं.
– एचओएटी : दोन्हींचा मेळ. जपानी-कोरियन कंपन्या बहुधा फॉस्फेटवालं वापरतात, युरोपीय कंपन्या सिलिकेटवालं.

गाडीच्या पुस्तिकेत कोणतं कूलंट, किती लिटर आणि किती वर्षांनी, हे तिन्ही लिहिलेलं असतं. तेच अंतिम. डब्यावर जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ असं मानक छापलं आहे का, हेही पाहा. वेगवेगळ्या जातीची कूलंट एकत्र केली तर गंजरोधक लवकर संपतात, काही वेळा गाळही धरतो.

फ्लश कसा करायचा?

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. गरम गाडीचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.
२. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे त्यातलंही पाणी फिरेल.
३. खाली टब ठेवून रेडिएटरचा ड्रेन प्लग उघडा. प्लग नसेल तर खालचा होज पाईप काढतात.
४. प्लग बंद करून डिस्टिल्ड वॉटर भरा. इंजिन चालू करून फॅन एकदा लागेपर्यंत चालवा. थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय इंजिनमधलं पाणी फिरत नाही.
५. बंद करा, थंड होऊ द्या, पाणी काढा. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच करा.
६. कूलंट भरून हवा काढा. हवेचा फुगा अडकला तर काटा उगाच वर जातो. दोन-तीन दिवसांनी थंड गाडीत टाकीची पातळी पुन्हा बघा.

इथं हिशेब चुकतो

समजा गाडीत एकूण ५ लिटर मावतं. फ्लशनंतर सगळं पाणी निघत नाही, २ लिटर आतच राहिलं. आता वरून ३ लिटर तयार, निम्मं पाणी असलेलं कूलंट ओतलं, तर त्यात ग्लायकॉल दीडच लिटर. म्हणजे हवं होतं ५० टक्के, मिळालं ३०. अशा वेळी घट्ट कूलंट आणावं, आधी अडीच लिटर ते भरावं आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरनं भरावी. पुस्तिकेत ३०:७० सांगितलं असेल तर हिशेब त्याप्रमाणे करावा. नुसतं घट्ट कूलंट भरणंही चूक. पाण्याशिवाय ते उष्णता नीट वाहून नेत नाही.

हे टाळा

– रेडिएटर साफ करायला ॲसिड किंवा धुण्याचा सोडा टाकू नका. दोन्ही ॲल्युमिनियम खातात.
– "थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी तापणारच नाही," असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं, ॲव्हरेज पडतं आणि मूळ दुखणं तसंच राहतं.
– कूलंटवर तेलाचा तवंग किंवा दुधाळ रंग दिसला तर फ्लश करून भागणार नाही. हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं, मेकॅनिकला दाखवा.

रस्त्यात तापलीच तर

एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडी कडेला. काटा लालवर असेल तर इंजिन लगेच बंद करा. किमान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. थंड झाल्यावर वेळ निभावायला साधं पाणी चालेल, पण गावी परतल्यावर फ्लश करून घ्या. "अजून पाचच मिनिटं, दवाखाना जवळच आहे," म्हणत तापलेली गाडी दामटली की हेड वाकतं, इंजिनचं काम निघतं. पेशंट गाडीत असेल तर दुसरं वाहन बघणंच शहाणपणाचं.

जुनं कूलंट नालीत नको

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री, जनावरं ते चाटतात, लहान लेकरंही पिऊ शकतात. थोडंही पोटात गेलं तर किडनी निकामी होऊ शकते. त्रास दिसायची वाट न पाहता लगेच मोठा दवाखाना गाठावा. काढलेलं कूलंट पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नये. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, ते परत घेणाऱ्या वर्कशॉपमध्ये द्यावं.

प्रवासाच्या आदल्या दिवशी, गाडी थंड असताना, टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का आणि रंग गंजकट तर नाही ना, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात.