निळ्या पडद्याची जबानी

संगणकाच्या प्रोसेसरला देता येणाऱ्या हुकमांमध्ये एक हुकूम इतका साधा आहे, की तो फसायला जागाच नाही. ‘तुझ्याच पोटातल्या अमुक खान्यात शून्य भर’, एवढेच त्यात सांगितलेले असते. मेमरीकडे जायचे नाही, डिस्कला विचारायचे नाही, कोणाची परवानगी घ्यायची नाही. तरीही २००५ साली मायक्रोसॉफ्टमधले जुनेजाणते प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी लिहून ठेवले, की लोकांच्या संगणकांवरून आलेले क्रॅशचे अहवाल चाळताना काही यंत्रे नेमकी याच हुकमावर आडवी झालेली दिसली. हे घडणे अशक्य होते, पण अहवालात तर स्पष्ट दिसत होते. अहवाल पाठवणाऱ्यांना विचारले, तेव्हा उलगडा झाला. त्यांचे प्रोसेसर कारखान्याने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवले जात होते. काहींनी हे हौसेने केले होते. काहींना मात्र याचा पत्ताच नव्हता. दुकानदाराने वेग वाढवूनच संगणक त्यांच्या गळ्यात मारला होता.

या बिचाऱ्यांनी विंडोज दहा वेळा नव्याने टाकले असते, तरी काही फरक पडला नसता. विंडोज कोसळताना दिसणारा निळा पडदा वरचेवर येऊ लागला की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो: ‘फॉरमॅट मारून देतो.’ पण निळा पडदा ही कोसळणाऱ्या यंत्राची जबानी असते आणि फॉरमॅट मारताना पहिली नाहीशी होते ती तीच.

मुळात निळा पडदा हा संगणकाने घेतलेला निर्णय असतो. विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एक खास फंक्शन आहे. एरवी कुठलेही फंक्शन काम आटोपून बोलावणाऱ्याकडे परत जाते. हे परत जात नाही. ते प्रोसेसरचे बाकीचे कोअर जागच्या जागी थांबवते, पडद्यावर मजकूर मांडते, पुरावा डिस्कवर उतरवते आणि यंत्र बंद करते किंवा नव्याने सुरू करते. हे फंक्शन कर्नल किंवा एखादा ड्रायव्हर स्वतःहून बोलावतो. आपल्या हिशेबात न बसणारे काहीतरी घडले आहे आणि आणखी एक पाऊल टाकले तर चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाईल, असे त्याला कळते. तुमचे फोटो आणि हिशेबाच्या फायली नासण्यापेक्षा इथेच थांबलेले बरे, असा त्यामागचा विचार आहे.

एखादा साधा प्रोग्रॅम चुकला तर सगळा संगणक का बसत नाही, आणि ड्रायव्हर चुकला की का बसतो? देवळाची रचना आठवा. सभामंडपात कोणीही यावे, टाळ कुटावेत, भांडावेसुद्धा; फार तर त्याला बाहेर काढतात. गाभाऱ्यात मात्र मोजक्यांनाच प्रवेश असतो. प्रोसेसरमध्ये अशी दोन अंगणे खरोखरच, सर्किटच्या पातळीवर, आखलेली असतात. ब्राउझर, गेम, वर्ड हे सगळे सभामंडपात. कर्नल गाभाऱ्यात. ग्राफिक्स कार्ड, वायफाय यांना चालवणारे पुष्कळसे ड्रायव्हर बाहेरच्या कंपन्यांनी लिहिलेले असूनही त्यांना गाभाऱ्याची किल्ली द्यावी लागते, कारण हार्डवेअरशी थेट बोलायचे तर तिथूनच. विंडोज एक्सपीच्या काळातल्या क्रॅशच्या अहवालांवरून मायक्रोसॉफ्टने काढलेला हिशेब असा होता, की सुमारे ७० टक्के निळ्या पडद्यांमागे अशा बाहेरच्या ड्रायव्हरांचे कोड होते. खुद्द मायक्रोसॉफ्टचे कोड जेमतेम ५ टक्क्यांना कारणीभूत होते. शिव्यांची वाटणी मात्र नेमकी उलटी होत आली आहे.

गाभाऱ्यातली चूक काय करू शकते, हे १९ जुलै २०२४ रोजी अख्ख्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची अपडेटची एक छोटी फाइल आपल्या घड्याळात सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी सुटली. तिच्यातल्या नियमाला तपासायला २१ मूल्ये हवी होती आणि कोड पुरवत होता २०. एकविसावे वाचायला गेलेला ड्रायव्हर मेमरीतल्या भलत्याच जागी पोहोचला आणि कर्नलने ब्रेक लावला. ७८ मिनिटांत ती फाइल मागे घेतली गेली, पण तोवर सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले होते. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. दुरुस्तीसाठी पुष्कळ ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून, ती एक फाइल पुसावी लागली.

आता मला सर्वांत थक्क करणारा भाग. कर्नलचाच स्वतःवर भरवसा उरलेला नाही, अशा क्षणी पुरावा डिस्कवर लिहायचा कसा? फाइल लिहायला फाइल सिस्टिम लागते, पण कदाचित तीच बिघडलेली असेल. तिच्या हातून लिहायला गेले तर आहे ते नासेल. विंडोज यावर आधीच तोडगा काढून ठेवते, आणि तोही सगळे धडधाकट असताना. संगणक सुरू होतानाच ते पेज फाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची राखीव जागा) डिस्कवर नेमकी कुठल्या ठिकाणी आहे त्या जागा टिपून ठेवते आणि डिस्कशी बोलणाऱ्या ड्रायव्हरची एक वेगळी प्रत फक्त या प्रसंगासाठी राखून ठेवते. क्रॅश झाला की फाइल सिस्टिमला बाजूला सारून ही राखीव प्रत मेमरीतला ऐवज थेट त्या टिपलेल्या जागांवर ओतते. यंत्र पुन्हा सुरू झाले की विंडोज तिथे पाहते, ठेवा सापडला तर उचलते आणि त्याची रीतसर फाइल बनवते. म्हणजे जबानी मरणाऱ्याने दिलेली असते आणि नोंदवून घेतो तो पुढचा जन्म. घरोघरी, कोणाच्या लक्षातही न येता, हे चालू असते.

ही फाइल तुमच्याही संगणकावर असण्याची शक्यता आहे. सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरच्या आत ‘मिनीडंप’ नावाचे फोल्डर असते, त्यात तारखेच्या नावाने एकेका क्रॅशची एकेक फाइल. पेज फाइल बंद केली असेल तर मात्र ती सहसा तयार होत नाही, आणि ‘संगणक स्वच्छ करणारी’ सॉफ्टवेअरे तिला कचरा समजून झाडून टाकतात. ती उघडायला मायक्रोसॉफ्टचेच विनडीबीजी हे साधन फुकट मिळते. दिसायला रुक्ष आहे खरे, पण विश्लेषणाची एक आज्ञा दिली की संशयित ड्रायव्हरचे नाव पुढ्यात येते. तेही नको असेल तर ब्लूस्क्रीनव्ह्यू या छोट्या साधनात सगळे क्रॅश एका तक्त्यात दिसतात. एकच सावधगिरी: त्या तक्त्यात विंडोजच्या कर्नलचे स्वतःचे नाव सारखे दिसेल. गोंधळ त्याच्या हद्दीत उघडकीला आला म्हणून ते नाव लागते. तो बहुधा तक्रारदार असतो, गुन्हेगार नव्हे.

खरा धागा मिळतो तो क्रॅश पुन्हा पुन्हा होण्यातून. एकदाच आलेल्या निळ्या पडद्यामागे काहीही असू शकते. २००३ साली बेल्जियममधल्या स्कारबेक इथे इलेक्ट्रॉनिक मतदानात एका उमेदवाराला मिळणे शक्यच नव्हते इतकी मते मिळाली. जादा मते भरली ४०९६, म्हणजे २ चा नेमका १२वा घात. मेमरीतला एकच बिट ० चा १ झाला होता. तपासात दुसरे कारण सापडले नाही आणि संशय अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांवर गेला. त्याआधी १९७८ मध्येच इंटेलच्या संशोधकांनी दाखवले होते, की मेमरी चिपच्या आवरणातल्या युरेनियम-थोरियमच्या सूक्ष्म अंशातून सुटणारे अल्फा कणही असे बिट पालटवतात. तेव्हा वर्षातून एखादा निळा पडदा आला तर चहा घ्या आणि विसरून जा.

पण वैश्विक किरण त्याच घरात, त्याच टेबलावर दर आठवड्याला येत नसतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये दहा लाख घरगुती संगणकांच्या क्रॅशचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ महिन्यांत ज्यांचा प्रोसेसर एकूण किमान ३० दिवस राबला होता, अशा यंत्रांत प्रोसेसरच्या बिघाडाने क्रॅश होण्याची शक्यता १९० त १ निघाली. एकदा तसा क्रॅश झालेल्या यंत्रांत दुसऱ्यांदा होण्याची शक्यता किती? २.९ त १. दुसरा निळा पडदा आला की दुर्दैव हे कारण यादीतून जवळजवळ बाद करावे.

मग नमुना शोधायचा. दर वेळी पडद्यावर तोच एररचा कोड आणि तोच ड्रायव्हर दिसत असेल तर मार्ग सोपा आहे: तो ड्रायव्हर काढा आणि बनवणाऱ्या कंपनीकडूनच नवा घ्या, किंवा नव्यानेच त्रास सुरू झाला असेल तर जुन्यावर परत जा. सेफ मोडमध्ये, जिथे मोजकेच ड्रायव्हर चढतात, यंत्र तासन्‌तास शांत चालत असेल तर ड्रायव्हरवरचा संशय बळावतो. विंडोजच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ एवढे टाइप केले तर दिवसवार आलेख उघडतो. निळे पडदे सुरू होण्याच्या आदल्या दिवशी काय बसवले गेले, हे त्यात लख्ख दिसते. हे साधन इतके उपयोगी असून इतके दुर्लक्षित का, हे मला कळलेले नाही.

दर वेळी कोड वेगळा असेल, म्हणजे आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, परवा ‘पेज फॉल्ट’, नंतर तिसरेच काही, तर सॉफ्टवेअर सोडा आणि रॅमकडे बघा. रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवायचे. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तर निकाल लागला. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघायची. पट्टीच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवण्याचा आपल्या तंत्रज्ञांचा उपाय कोकणातल्या दमट हवेत अनेकदा लागू पडतो, पण माझ्या मते त्यातले निम्मे श्रेय पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवण्याचेच असावे. खसखसून घासाल तर सोन्याचा पातळ मुलामा जाईल. आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू आहे का ते पाहा. रॅमच्या खोक्यावर छापलेला चढा वेग बहुतेकदा याच सोयीतून मिळतो आणि तांत्रिकदृष्ट्या तेही ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणे. हौशी भाच्याने संगणक जुळवून दिला असेल तर ती सोय चालू असण्याचाच संभव जास्त. तपास होईपर्यंत ती बंद ठेवा.

‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ दिसले तर खुद्द प्रोसेसर हार्डवेअरच्या चुकीची तक्रार करतो आहे. तेव्हा पंख्यातली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, स्वस्तातला एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) यांची झडती घ्यायची. गेम खेळताना किंवा व्हिडिओ बनवतानाच यंत्र बसत असेल तर आधी एसएमपीएसकडे बघावे. कमी भारात तो साळसूद असतो.

सापडलेले नाव दर वेळी खरेच असते असेही नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या अनेक मालकांना गेम चालू करताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येत होता. लोक ग्राफिक्स कार्डांवर संशय घेत राहिले. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले, की प्रोसेसरच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यापायी हळूहळू स्वतःलाच झिजवत होता. सुधारित मायक्रोकोड बायोस अपडेटमधून आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. झालेली झीज मात्र अपडेटने भरून निघत नाही. यांपैकी एखादा प्रोसेसर तुमच्याकडे असेल तर बायोस आजच तपासा.

जाता जाता रंगाविषयी. विंडोज एनटीचा निळा पडदा लिहिणारे जॉन व्हर्ट यांनी सांगितलेले कारण अगदी घरगुती आहे. ते ज्या यंत्रावर काम करत त्याचा सुरुवातीचा पडदा निळ्यावर पांढरा होता आणि कोड लिहायचा एडिटरही तसाच. क्रॅशही त्याच रंगात आला म्हणजे झाले! २०२५ पासून विंडोज ११ मध्ये हा पडदा काळा झाला आहे आणि २०१२ मध्ये आलेला रडका चेहराही गेला. कोडची ओळ आणि बिघडलेल्या ड्रायव्हरचे नाव तेवढे राहिले, आणि कामाचे तेवढेच होते.

तर पुढच्या वेळी पडदा आला की आधी मोबाइलने त्याचा फोटो काढा. तो झटकन निघून जात असेल तर सिस्टिमच्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मध्ये जाऊन आपोआप रीस्टार्टची खूण काढून टाका. आणि तंत्रज्ञ फॉरमॅटची भाषा करू लागला तर त्याला दोन मिनिटे थांबवा, मिनीडंप फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि मगच सी ड्राइव्हला हात लावू द्या.