जंतूंशी वैर नको, वाटाघाट हवी

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्याच्या दाहाचे दोन चिवट आजार. जुलाब, शौचातून रक्त, पोटात कळा, घटत जाणारे वजन. काही महिने बरे जातात आणि दुखणे पुन्हा उसळते. ‘पोटात जंतू झालेत, ते मेले की बरे वाटेल’ अशी रुग्णाची समजूत होणे स्वाभाविक आहे. जठराच्या अल्सरच्या बाबतीत ती बव्हंशी खरीही ठरली. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा जिवाणू दाखवून दिला आणि 2005 साली त्यांना नोबेल मिळाले. आतड्याच्या या दाहात मात्र असा एकच गुन्हेगार सापडलेला नाही. इथे बिघडते ते आतड्यातली जिवाणूंची वस्ती आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांच्यातले नाते. म्हणून उपचारांचा रोखही ते नाते सावरण्याकडेच असायला हवा.

क्रोन्सच्या रुग्णांत फिकॅलिबॅक्टेरियम प्राउसनिट्झी हा उपयुक्त जिवाणू अनेकदा कमी आढळतो. तो आहारातल्या तंतूंपासून ब्युटिरेट तयार करतो आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यावर पोसल्या जातात. यावर एक रास्त आक्षेप असा, की दाहामुळेच ही वस्ती उद्ध्वस्त होत असेल. मग तिला कारण कसे म्हणायचे? याचे उत्तर बेल्जियममधल्या संशोधनात मिळते. क्रोन्सने ग्रासलेला आतड्याचा भाग कापून उरलेली टोके जोडली आणि आतड्यातला मळ जोडापर्यंत पोचण्याआधीच बाहेर वळवला, तेव्हा पुढच्या भागात आजार परतला नाही. मार्ग पूर्ववत जोडल्यावर तो परतला. दाहाला पोषक जनुकीय बदल केलेल्या उंदरांनाही पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले, तर कोलायटिस होत नाही. 2001 साली क्रोन्सशी जोडले गेलेले पहिले जनुक, एनओडी2, हेही जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे ओळखणारेच निघाले. म्हणजे दाह वस्ती बिघडवतो हे खरे, पण जिवाणूंच्या सहभागावाचून तो पेटतही नाही.

मग अँटिबायोटिक देऊन सगळेच का मारू नयेत? पू झाला असेल तिथे ही औषधे लागतातच. पण टिकाऊ आराम त्यांनी क्वचितच मिळतो, कारण उपद्रवी जिवाणूंबरोबर ब्युटिरेट देणारेही मरतात. उलट बाजूने, चांगले जिवाणू बाहेरून घालावेत, तर तिथेही सरसकट उत्तर नाही. ई. कोलाय निस्ले 1917 या प्रकाराने कोलायटिस आटोक्यात ठेवण्यात मेसालाझिन या नेहमीच्या औषधाची जवळपास बरोबरी केली. क्रोन्समध्ये मात्र प्रोबायोटिकचा असा भरवसा दिसलेला नाही. दही आहार म्हणून उत्तम, पण ते या आजाराचे औषध नव्हे.

निरोगी माणसाच्या विष्ठेतली संपूर्ण वस्तीच रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा प्रयोग अधिक बोलका आहे. 2015 साली कॅनडात कोलायटिसच्या 75 रुग्णांवर झालेल्या चाचणीत 24 टक्के रुग्णांचा आजार शमला. नुसते पाणी दिलेल्यांत 5 टक्क्यांचा. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या चाचणीत असा ठळक फरक दिसला नाही. दिल्लीच्या एम्सने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण दात्यांची विष्ठा आणि दाह कमी करणारा आहार यांची जोड दिली. आठ आठवड्यांनी या गटात 60 टक्के रुग्णांचा आजार शमला, नेहमीच्या उपचारांत सुमारे 32 टक्के. पुढे तोच आहार चालू ठेवणाऱ्यांचा फायदा वर्षभराच्या आसपास टिकलेला दिसला. अभ्यास लहान होता आणि कोणाला काय दिले हे उघड होते, हे मान्य. तरीही नव्या वस्तीला रोजचे योग्य अन्न मिळाले तर ती तग धरते, या विचाराला त्याने बळ दिले. क्रोन्सच्या मुलांना सहा ते आठ आठवडे फक्त विशिष्ट द्रव आहार देऊन आजार शमवता येतो, हा अनुभवही त्याच दिशेचा आहे.

जिवाणू आणि आहार इतके महत्त्वाचे, तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कशाला, असे कोणी विचारेल. सुजलेल्या, रक्ताळलेल्या आतड्यात चांगली वस्ती सहजी रुजत नाही, म्हणून. शिवाय दाह धुमसत राहिला तर आतडे अरुंद होते, आणि वर्षानुवर्षांच्या कोलायटिसमध्ये कर्करोगाचा धोका वाढतो. विष्ठा प्रत्यारोपणही घरी करण्याची गोष्ट नाही. दात्याची पुरेशी तपासणी न झाल्याने औषधांना न जुमानणारा जिवाणू शरीरात गेला आणि रुग्ण दगावला, असे अमेरिकेत 2019 साली जाहीर झाले. आपल्याकडे आतड्याचा क्षयही हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो, त्यामुळे अचूक निदान आधी हवे. औषधाने दाह विझवायचा आणि आहाराने वस्ती जगवायची, ही दोन्ही कामे एकाच उपचाराची आहेत. म्हणूनच या रुग्णांच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांइतकीच आहारतज्ज्ञाचीही जागा पक्की असली पाहिजे.