मशिनं आली, हात वाऱ्यावर

मनगटाजवळची धमनी शेजारच्या शिरेला जोडली की शीर फुगते, जाड होते आणि डायलिसिसची सुई वर्षानुवर्षं सोसते. हा फिस्टुला. न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि सिमिनो यांनी तो 1966 मध्ये जगापुढे मांडला, त्याला साठ वर्षं होताहेत. त्याआधी सिएटलच्या स्क्रिबनर यांची 1960ची टेफ्लॉनची नळी होती, ती हाताबाहेरच राहायची. पुढची कितीतरी वर्षं सोलापुरातल्या यंत्रमाग कामगाराला यातल्या कशाचाच उपयोग नव्हता. ती सोडूनच देऊ.

आमच्यासाठी गोष्ट सुरू झाली 2012च्या जुलैत. राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा 8 जिल्ह्यांत आली, त्यात सोलापूर होतं. पिवळं, केशरी रेशनकार्ड घेऊन पूर्व भागातले विणकर, विडी वळणाऱ्या बायका डायलिसिसच्या मशिनवर जाऊ लागल्या. माझा थोरला भाऊ त्यांतलाच. योजनेचे उपकार मी नाकारत नाही.

दादाचा फिस्टुला डाव्या हाताला. रोज उठल्यावर तो त्यावर बोटं ठेवायचा, आतली घरघर लागली की मगच अर्धा कप चहा. तेव्हाचे टेक्निशियन आधी हात साबणाने धुवायला लावत, स्टेथोस्कोपने आवाज ऐकत आणि मागच्या टोचणीपासून थोडं सरकून सुई घालत. ते निवृत्त झाले. नंतर आलेल्या पोरांच्या मागे पुढची पाळी उभी. त्याच त्या जागी टोचून दादाच्या हातावर लिंबाएवढा फुगा आला.

पुढे तापाने तो एका रुग्णालयात दाखल झाला. रात्री त्याच हाताला बीपीचा पट्टा बांधला, वर सलाईनही लावलं. तो “डावा हात नको” म्हणत राहिला. “काका, उजव्याला शीर सापडत नाही,” एवढंच उत्तर. सकाळी घरघर बंद, म्हणजे फिस्टुला बंद पडला. मग डायलिसिससाठी गळ्यात नळी, आणि नळीतून जंतू जाऊन हुडहुडी भरवणारा ताप.

2016 मध्ये केंद्राने राष्ट्रीय डायलिसिस योजना जाहीर केली, 2017 मध्ये जीवनदायीला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. मशिनच्या उद्घाटनाला फीत कापायला पुढारी येतात. किती रुग्णांचा फिस्टुला चालू आहे आणि किती जण महिनोन्‌महिने गळ्यातल्या नळीवर आहेत, हे विचारणारा पुढारी मला अजून भेटलेला नाही.

घरात कुणाचं क्रिएटिनिन वाढत असेल, तर पुढे लागणाऱ्या फिस्टुलासाठी त्याच्या हाताच्या शिरा आतापासूनच राखा. रक्त काढायचं, सलाईन लावायचं, तर ते पंजाच्या मागच्या बाजूला. मनगटाच्या वर सुई लावू देऊ नका. सिस्टर रागावल्या तरी चालेल.