ट्रॅक्टर सुरू न होण्याचे निदान

ट्रॅक्टर सुरू न होण्याचे निदान म्हणजे ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन किल्ली फिरवूनही चालू होत नसल्यास त्याचे कारण क्रमाने शोधून काढण्याची पद्धत होय. या तक्रारीची बहुतेक कारणे बॅटरी, विद्युत जोडण्या, इंधन किंवा हवा यांपैकी एकात सापडतात. त्यामुळे इंजिन उघडण्यापूर्वी या चार बाबी तपासणे इष्ट ठरते.

== वऱ्हाडातील संदर्भ ==
अमरावती व अकोला जिल्ह्यांत कापूस, सोयाबीन व तूर ही खरिपाची प्रमुख पिके आहेत. पुरेसा, म्हणजे साधारणतः ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि जमिनीत वाफसा आल्यावर पेरणी करावी, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. काळ्या भारी जमिनीत वाफशाची अवस्था फार दिवस टिकत नाही. पुन्हा पाऊस आला की चाके रुततात आणि पेरणी लांबते. म्हणून याच दिवसांत ट्रॅक्टर बंद पडणे शेतकऱ्याला विशेष महागात पडते.

उन्हाळ्यात या भागात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या वर जाते. अशा उष्णतेत बॅटरीतील पाणी लवकर आटते. मशागतीनंतर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी वापराविना आपोआपही उतरत जाते.

== इंजिन सुरू होण्याची प्रक्रिया ==
डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या भागापर्यंत दाबली जाते. त्यामुळे ती इतकी तापते की नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात : इंजिन पुरेशा वेगाने फिरणे, हवेचा पुरेसा दाब आणि योग्य क्षणी हवाविरहित इंधनाचा पुरवठा. यांपैकी कोणती गोष्ट उणी आहे हे ठरविणे, हेच निदानाचे सार आहे.

== प्राथमिक तपासणी ==
* गिअर न्यूट्रलमध्ये आहे काय? अनेक ट्रॅक्टरांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टरला वीज मिळत नाही.
* इंजिन बंद करण्याची दांडी ओढलेल्या अवस्थेत राहिली आहे काय? ती तशी राहिल्यास इंधन तुटलेलेच राहते.
* टाकीत डिझेल आहे काय, आणि टाकीखालील कॉक उघडा आहे काय?

== स्टार्टर फिरत नसल्यास ==
स्टार्टरला ग्रामीण बोलीत ‘सेल्फ’ म्हणतात. पुढील दिवे लावून सेल्फ मारल्यास दोषाची दिशा कळते.

* दिवे एकदम मंदावले आणि ‘कट्-कट्’ आवाज आला, तर बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टोकांवर क्षार साचलेले असतात.
* दिवे तेजस्वी राहिले व काहीच आवाज आला नाही, तर क्लचजवळील सुरक्षा-स्विच, फ्यूज, किल्लीचा स्विच किंवा सोलेनॉइड तपासावा.
* बॅटरी भरलेली असूनही दिवे मंदावले व इंजिन हलले नाही, तर स्टार्टर किंवा इंजिन अडकलेले असण्याची शक्यता असते.

पूर्ण भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट असतो. बॅटरीत केवळ शुद्ध ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी क्षारयुक्त असते. ते घातल्यास बॅटरीच्या पट्ट्या खराब होतात.

== स्टार्टर फिरतो, पण इंजिन पकडत नाही ==
अशा वेळी धुराड्याकडे पाहावे.

* धूर मुळीच नाही : डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. रिकामी टाकी, तुंबलेला फिल्टर किंवा नळीत शिरलेली हवा ही कारणे संभवतात.
* पांढरा धूर : डिझेल पोहोचते, पण जळत नाही. इंजिन सावकाश फिरणे, दाब कमी असणे किंवा डिझेलमध्ये पाणी असणे ही कारणे संभवतात.
* काळा धूर : हवा अपुरी पडते. सोयाबीनच्या मळणीचा भुसा व धूळ यांनी एअर क्लीनर तुंबलेला असू शकतो.

=== हवा काढणे ===
टाकी कोरडी पडल्यास किंवा फिल्टर बदलल्यास इंधनमार्गात हवा शिरते. मेकॅनिक याला ‘एअर घेतली’ असे म्हणतात. जुन्या पद्धतीच्या यांत्रिक पंपावर फिल्टरवरील स्क्रू सैल करून फीड पंपाची दांडी हाताने हलवतात. बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार आली की स्क्रू आवळतात. मग हीच कृती मुख्य पंपावरील स्क्रूवर करतात. एवढ्यानेही इंजिन सुरू न झाल्यास पुढील काम जाणकाराकडे सोपवावे, कारण नोझलच्या फवाऱ्याचा दाब त्वचा भेदू शकतो.

== पेट्रोल यंत्रांतील फरक ==
बसून चालवायचे गवत कापणी यंत्र व पेट्रोलवरील पॉवर वीडर यांत ठिणगी प्लग व बहुधा कार्ब्युरेटर असतो. महिनोन्‌महिने साठलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजवितो. बसून चालवायच्या यंत्रात आसनाखाली सुरक्षा-स्विचही असतो. तो सदोष असल्यास यंत्र सुरू होत नाही.

== सुरक्षितता ==
जमिनीवर उभे राहून स्टार्टरची टोके पान्याने किंवा पेचकसाने जोडणे अत्यंत धोकादायक आहे. या कृतीने क्लचचा सुरक्षा-स्विच निष्प्रभ होतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असल्यास इंजिन सुरू होताच तो पुढे झेपावतो आणि मागील चाकाजवळ उभी असलेली व्यक्ती त्याखाली सापडते. सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदांहून अधिक मारू नये. मध्ये किमान एक मिनिट थांबावे, अन्यथा स्टार्टर जळू शकतो. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ विडी किंवा काडी पेटवू नये.

== प्रतिबंध ==
मृग नक्षत्रापूर्वी, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस, बॅटरी चार्ज करून तिची टोके स्वच्छ करावीत. डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी काढावे, एअर क्लीनर साफ करावा आणि इंजिन एकदा चालवून पाहावे. ट्रॅक्टर दीर्घकाळ उभा राहणार असल्यास टाकी भरलेली ठेवावी. रिकाम्या जागेतील हवेच्या बाष्पाचे पाणी होऊन ते डिझेलमध्ये मिसळते.