भिंतीआड अडलेली हाक

मनुष्याला नव्याची हौस फार. घरात नवी वस्तू आली, की ती जुनीहून सर्व बाबतींत सरस असणारच, असे आपण गृहीत धरतो. म्हणूनच नवा मोबाइल फोन अंगणात उत्तम चालतो आणि माजघरात मात्र त्यातील आवाज तुटू लागतो, तेव्हा आपण बुचकळ्यात पडतो. जुना फोन याच माजघरात बिनतक्रार चालत होता. मग नव्यालाच काय झाले? ही अडचण लहानसहान समजू नये. मुले नोकरीसाठी परगावी आणि घरी वृद्ध आईवडीलच, अशी घरे आज गावोगावी आहेत. अशा घरातून रात्रीअपरात्री फोन लागला नाही, तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून या गोष्टीचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

मोबाइल फोन आणि मनोरा यांच्यामध्ये तार नसते. ते एकमेकांशी रेडिओ-लहरींच्या द्वारे बोलतात. या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु त्या प्रकाशाच्याच जातीच्या असून प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने धावतात. हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ साली या लहरींवर प्रयोग केले. त्या लाकडी दारातून पलीकडे गेल्या. जस्ताच्या पत्र्यावर आदळून मात्र परत फिरल्या. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या प्रयोगांतच आहे. कोकणातील घराची जांभ्या दगडाची जाड भिंत किंवा जुन्या वाड्याची काळ्या दगडाची भिंत लहरींचे पुष्कळसे बळ शोषून घेते. पावसाने भिंत भिजली, की ती अधिकच शोषते. पत्र्याचे छप्पर तर लहरींना परतवूनच लावते. सिमेंटच्या घरातील स्लॅबमध्येही लोखंडी सळ्यांचे जाळे असते.

पण या भिंती पूर्वीही होत्याच की! तेव्हा उरलेले अर्धे उत्तर लहरींच्या प्रकारात शोधले पाहिजे. रस्त्यावरून ढोल-ताशांची मिरवणूक चालली असता आपण दारेखिडक्या लावून घेतल्या, तर काय होते? ढोलाचा घुमार घरात येतोच. ताशाचा कडकडाट मात्र बराचसा बाहेर राहतो. ढोलाच्या ध्वनीची कंपने सावकाश, तर ताशाच्या ध्वनीची शीघ्र असतात. ध्वनिलहरी आणि रेडिओ-लहरी या भिन्न वस्तू आहेत. तथापि या एका गुणात त्यांचे साम्य आहे. शीघ्र कंपनांच्या लहरी भिंतीपाशी सामान्यतः अधिक क्षीण होतात.

भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘फाइव्ह-जी’, म्हणजे पाचव्या पिढीची मोबाइल सेवा सुरू झाली. तिच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लहरींपैकी काही सेकंदाला सुमारे ३३० कोटी कंपने करतात. त्यांची लांबी सुमारे ९ सेंटिमीटर असते. आधीच्या पिढ्यांचे फोन ज्या लहरींवर चालत आले, त्यांपैकी काही सेकंदाला सुमारे ९० कोटीच कंपने करतात व त्यांची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते. पहिल्या प्रकारच्या लहरींसाठी रुंद पट्टा उपलब्ध असल्याने त्यांच्यावरून पुष्कळ माहिती झटपट पाठविता येते. म्हणून नवा फोन त्यांना धरू पाहतो. पण भिंत ओलांडण्यात त्या दुसऱ्या प्रकाराच्या मागे पडतात. एक गुण मिळवताना दुसरा थोडा गमवावा लागला, तो असा.

आता आपल्या घरातील अडचणीचे नेमके कारण कसे ओळखावे? शास्त्रज्ञांचा एक नियम येथे उपयोगी पडतो : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रथम तोच फोन अंगणात व मग घरात लावून पाहावा. अंगणात तो नीट चालला आणि घरात अडला, तर दोष भिंतीकडे जातो. दोन्हीकडे अडला, तर त्याच कंपनीचा दुसरा फोन त्याच जागी लावून पाहावा. तोही अडला, तर मनोरा दूर असेल किंवा कंपनीच्या यंत्रणेत बिघाड असेल. दुसरा फोन नीट चालला, तर आपल्या फोनचे सिमकार्ड, त्यावरील धातूचे आवरण किंवा खुद्द फोन तपासावा.

कारण कळले, की उपाय सुचतो. फोन खिडकीजवळ नेऊन बोलावे. फोनच्या सेटिंगमध्ये ‘फाइव्ह-जी’ऐवजी ‘फोर-जी’ निवडून पाहावे. पुष्कळदा एवढ्यानेच भागते. घरात वाय-फाय असल्यास आणि फोनमध्ये व कंपनीकडे सोय असल्यास त्याच्यामार्फतही बोलता येते. इतके करूनही अडचण राहिली, तर कंपनीकडे तक्रार नोंदवावी. बाजारात मिळणारे लहरी वाढविणारे यंत्र मात्र परवानगीवाचून बसवू नये. ते कायद्याविरुद्ध आहे. शिवाय आपल्या घराची सोय पाहताना त्याने साऱ्या आळीचे फोन बिघडतात.

आणखी एक गोष्ट घरातील सर्वांना सांगून ठेवावी. संकटसमयी ११२ हा क्रमांक फिरवावा. आपल्या कंपनीच्या लहरी मिळत नसल्या, तरी दुसऱ्या कंपनीचा मनोरा आवाक्यात असल्यास फोन त्याच्यामार्फत हा क्रमांक लावू पाहतो. घरातील कोणत्या जागी फोन हमखास लागतो, तेही आजी-आजोबांना दाखवून ठेवावे आणि रात्री फोन त्याच जागी ठेवण्याची सवय लावावी.

फोन चालेना, म्हणून कोणी दुकानदाराला बोल लावतो, तर कोणी आणखी महागडा फोन विकत घेतो. पण भिंत तीच राहिली, तर पैसे खर्चूनही हाक भिंतीआडच अडून राहील. दोन घटका शांतपणे कारण शोधले, तर कित्येकदा एक पैही न खर्चता काम होते.