रस्त्यावरच्या झाडाचा धनी कोण?

आपल्या घरासमोरच्या रस्त्यावर उभे असलेले झाड कोणाचे, असा प्रश्न मी कामगारांच्या सभांतून विचारतो तेव्हा बहुतेक जण म्हणतात, "पालिकेचे." थोडे जण म्हणतात, "सगळ्यांचे." दोन्ही उत्तरे कागदावर बरोबर आहेत. तरीही रात्री अकरा वाजता त्या झाडाच्या बुंध्याशी कुदळ वाजू लागली, तर खाली उतरून विचारणारा माणूस सहसा निघत नाही. तीस वर्षे युनियनचे काम करताना मी एक गोष्ट शिकलो आहे. ज्याचा धनी नक्की नसतो त्याचे हाल मात्र नक्की असतात. ठेक्यावरच्या मजुराबद्दल हे जितके खरे आहे, तितकेच रस्त्यावरच्या झाडाबद्दलही खरे आहे.

मी वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही. माझी शाळा सातवीत सुटली. कायदा मी गरजेपोटी वाचायला शिकलो आणि झाडे उद्यान खात्यातल्या माळ्यांनी मला शिकवली. तेव्हा आज जे सांगणार आहे ते या दोन गुरूंकडून मिळालेले आहे. शहर आपल्या झाडांचा सांभाळ कसा करते, त्याची यंत्रणा कोणती आणि ती कोठे अडते, एवढाच माझा विषय आहे. उदाहरणे बहुतांशी मुंबईची घेतो, कारण तिथला जमाखर्च सर्वांसमोर मांडला गेलेला आहे.

प्रथम कायदा पाहू. महाराष्ट्रात शहरांतील झाडांसाठी १९७५ सालचा स्वतंत्र कायदा आहे. या कायद्याने प्रत्येक शहरात एक वृक्ष प्राधिकरण नेमावे लागते. महानगरपालिकेत आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. नगरसेवक आणि झाडांची जाण असलेल्या संस्थांची माणसे त्याचे सभासद असतात. प्रत्यक्ष कारभार वृक्ष अधिकाऱ्याकडे असतो. परवानगीवाचून कोणीही झाड तोडायचे नाही, मग ते रस्त्यावरचे असो वा स्वतःच्या अंगणातले. आणि "तोडणे" या शब्दाची व्याख्या कायद्याने मोठी शहाणपणाने केली आहे. कुऱ्हाड लावणे एवढाच तिचा अर्थ नाही. जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणे, हे सारे तीत येते. बुंध्याभोवती कचरा पेटवणारा दुकानदार आणि मुळाशी आम्ल ओतणारा जागामालक, दोघेही त्या व्याख्येत बसतात.

झाड तोडायचे असेल तर अर्ज करावा लागतो. त्यावर वृक्ष अधिकाऱ्याने जाहीर नोटीस काढायची असते, वर्तमानपत्रात एक आणि त्या झाडावर सहज दिसेल अशा जागी दुसरी. तीवर नागरिकांना हरकत घेता येते. हरकतीची मुदत सामान्यतः सात दिवसांची असते. मी जेव्हा हे कलम प्रथम वाचले तेव्हा मला फार ओळखीचे वाटले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराला कमी करण्याआधी त्याला नोटीस द्यावी लागत असे, तसेच हे. फरक एवढाच की कामगार आपली नोटीस स्वतः वाचू शकतो, झाडाची नोटीस मात्र दुसऱ्याने वाचावी लागते. आणि ती नोटीस पुष्कळदा खिळे ठोकून लावलेली असते! झाडाला इजा करू नका असे सांगणाऱ्या कायद्याचा कागद झाडातच खिळा मारून टांगायचा, हा प्रकार मी डोळ्यांनी अनेकदा पाहिला आहे. दोरीने बांधली तर नोटीस तितकीच वाचता येते.

या प्राधिकरणात झाडांचे जाणकार असणे ही शोभेची बाब नव्हे. तज्ज्ञ नेमलेले नव्हते म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली मुंबईच्या प्राधिकरणाचे निर्णय रोखून धरले होते. त्याआधी २०१७ साली कायद्यात अशी दुरुस्ती झाली होती की पंचवीसपर्यंत झाडांची परवानगी आयुक्तांनी एकट्याने द्यावी. हेतू कामे लवकर उरकण्याचा असेल. परंतु ज्याला शंभर झाडे पाडायची आहेत तो पंचविसाचे चार अर्ज करील, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. कारखान्यातले आम्ही लोक ही युक्ती चांगली ओळखतो. जिथे वीस कामगारांना कायदा लागू होतो, तिथे एकोणीस कामगारांचे दोन कारखाने उभे राहतात.

२०२१ साली कायद्यात पुन्हा मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. मोठ्या संख्येने झाडे जाणार असतील, तर राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडे जावे लागेल असे ठरले. आणि भरपाईचा नवा हिशेब आला, तो असा की झाडाचे वय जितक्या वर्षांचे तितकी नवी रोपे लावायची. साठ वर्षांचा वड गेला तर साठ रोपे. ऐकायला हा हिशेब चोख वाटतो. परंतु साठ रोपांची सावली मिळून त्या एका वडाच्या सावलीइतकी व्हायला एक पिढी जाते. मधल्या काळात त्या रस्त्यावरची भाजीवाली उन्हात बसते, तिची भरपाई या हिशेबात कोठेच धरलेली नाही. शिवाय दाट वस्तीत साठ रोपांना जागा कुठली? ती शहराच्या टोकाला लागतात. झाड एका वस्तीचे जाते आणि रोपे दुसऱ्याच वस्तीला मिळतात.

झाड उचलून दुसरीकडे लावण्याचा मार्गही सांगितला जातो. तो खोटा नाही, पण अवघड आहे. मोठ्या झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बुंध्यापासून दूरवर, पुष्कळदा फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. झाड उपटताना मातीचा जो गोळा बरोबर येतो, त्यात त्यांतली थोडीच येतात. म्हणून आधीपासून तयारी करावी लागते, योग्य ऋतू निवडावा लागतो आणि पुढे दोन-तीन वर्षे पाणी द्यावे लागते. कंत्राटात झाड हलवण्याचे पैसे असतात, पाणी देणाऱ्या माणसाचा पगार मात्र बहुधा नसतो.

आता मोजणीकडे वळू. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करावी असे कायदा सांगतो. मुंबईत २०१८ साली पूर्ण झालेल्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे मोजली गेली. त्यांपैकी रस्त्यांच्या कडेची झाडे सुमारे १ लाख ८५ हजारच भरली. निम्म्याहून अधिक झाडे खासगी आवारांत आहेत. म्हणजे पालिका जी झाडे रोज सांभाळते त्यांपेक्षा कितीतरी अधिक झाडे सोसायट्यांच्या आणि घरमालकांच्या हाती आहेत. गणना म्हणजे झाडांचा हजेरीपट. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही तो कामगार मेला तरी कारखान्याच्या लेखी मेलेला नसतो. म्हणून आपल्या गल्लीतले प्रत्येक झाड नोंदलेले आहे की नाही हे पाहणे, ही मी झाडांच्या रक्षणाची पहिली पायरी समजतो.

कायदा असूनही वेळ कशी हातची जाते याचे उदाहरण आरे वसाहतीचे आहे. मेट्रोच्या कारशेडसाठी २०१९ च्या ऑगस्टअखेर प्राधिकरणाने २,१८५ झाडे तोडण्यास व ४६१ झाडे हलवण्यास मंजुरी दिली. हजारो नागरिकांच्या हरकती आलेल्या होत्या. ४ ऑक्टोबर रोजी उच्च न्यायालयाने नागरिकांचे अर्ज फेटाळले आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडे पडली होती. मेट्रो हवी की नको, याविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात. मेट्रोतून कामगारच प्रवास करतो, हे मी विसरलेलो नाही. माझा मुद्दा निराळा आहे. चुकून कमी केलेला कामगार न्यायालयाच्या हुकुमाने परत कामावर येतो. पडलेले झाड कोणत्याही हुकुमाने उभे राहत नाही. म्हणून झाडाच्या बाबतीत निकाल आणि कुऱ्हाड यांच्यामध्ये जो अवधी असतो, तोच खरा न्याय असतो.

येथवर तोडण्याची गोष्ट झाली. पण शहरातली पुष्कळ झाडे परवानगीने किंवा बिनपरवान्याने तोडली जातच नाहीत. ती हळूहळू मरतात आणि मग पावसाळ्यात पडतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात. पदपथ करणारा ठेकेदार सिमेंट बुंध्यापर्यंत आणून भिडवतो, तेव्हा तो त्यांचा श्वास कोंडतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा हुकूम दिला, तो याच कारणाने. त्यानंतर केबलवाला येतो, गॅसवाला येतो, गटारवाला येतो. प्रत्येक जण चर खणतो आणि आड येणारे मूळ तोडतो. एका बाजूची जाड मुळे गेली की झाडाचा तोल त्या बाजूला राहत नाही. वरून पाने हिरवीच दिसतात. मग जूनमध्ये वारा सुटतो, झाड मोटारीवर पडते आणि वर्तमानपत्रे लिहितात की वादळाने झाड पडले. वस्तुतः ते झाड मागच्या उन्हाळ्यात चर खणणाऱ्याने पाडलेले असते. विलायती शिरीष, गुलमोहर, सोनमोहर ही परदेशांतून आणून लावलेली झाडे अधिक पडतात अशी तक्रार असते. ती पुष्कळ अंशी खरी आहे. परंतु मुळे तोडली तर कडुनिंबही उभा राहणार नाही.

दुसरी इजा छाटणीची. ती सांगताना मला एक घटना सांगितली पाहिजे.

वीस वर्षांपूर्वी मी एका नगरपालिकेच्या उद्यान खात्यातील मजुरांचे काम पाहत होतो. पावसाळ्यापूर्वीची छाटणी ठेक्यावर दिलेली होती. ठेकेदाराला पैसे मिळत ते लाकडाच्या खेपांवर. साहजिकच जाड फांद्या आधी तुटत. एक दिवस बावीस-तेवीस वर्षांचा एक मजूर एका जुन्या शिरिषावर चढला. कमरेला पट्टा नव्हता, दोर होता तो फांदी बांधायला. ज्या बेचक्यात त्याने पाय रोवला ते बेचके आतून पोकळ होते. फांदी, करवत आणि पोरगा एकदमच खाली आले. तो वाचला, पण पुढे त्याचे चालणे काठीच्या आधाराने झाले. नगरपालिका म्हणाली, तो आमचा माणूस नव्हे. ठेकेदार म्हणाला, तो त्या दिवशी कामावरच नव्हता. त्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नव्हते. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात मूळ मालकावर जबाबदारी टाकणारे बारावे कलम होते. त्याच्या आधारावर आम्ही भांडलो आणि अडीच वर्षांनी पैसे मिळवले.

त्या वेळी पुरावा म्हणून मी ते बेचके कापून आणवले. आमच्या एका म्हाताऱ्या माळीबुवांनी ते हातात घेऊन मला दाखवले. "ही बघा जुनी जखम. कुणीतरी फांदी बुंध्याला घासून तोडलीय. पाणी आत शिरलं, कुजलं." फांदी जिथे बुंध्याला मिळते तिथे सालीची एक फुगीर वळी असते. झाड आपली जखम माणसाप्रमाणे भरून काढत नाही, ते तिच्याभोवती नवे लाकूड वाढवून तिला कोंडते. हे काम त्या वळीतून होते. म्हणून काप वळीच्या किंचित बाहेर घ्यायचा. वळी कापायची नाही आणि खुंटही ठेवायचा नाही. जड फांदी असेल तर पुढच्या अंगाला आधी खालून अर्धवट काप, मग त्याहून थोडे पुढे वरून काप, म्हणजे फांदीच्या भाराने साल सोलून निघत नाही. शेवटी उरलेला खुंट वळीपाशी साफ करायचा. तीन काप, आणि थोडा अधिक वेळ. तो वेळ खेपांच्या दरात बसत नाही.

माळीबुवांचे ऐकताना माझ्या ध्यानात आले की ज्या घाईच्या कापाने झाड कुजले, त्याच कापाने पुढे तो पोरगा पडला. झाडाचा शत्रू आणि मजुराचा शत्रू हे दोघे नव्हते. तो एकच होता आणि तो ठेक्याच्या कागदात बसलेला होता. कुऱ्हाडीचा दांडा गोताला काळ म्हणतात. परंतु दांडा स्वतःहून चालत नाही. छाटणी करणाऱ्या मजुराला शिव्या देणाऱ्या वृक्षप्रेमींनी त्याच्या हाती कुऱ्हाड कोणत्या दराने दिली आहे, हेही एकदा विचारावे.

यातून नागरिकांनी काय करावे? मोर्चे तर काढावेतच, मी त्यांच्या विरुद्ध कसा असेन? परंतु मोर्चा निघतो तोवर बहुधा उशीर झालेला असतो. त्याआधीची कामे साधी आहेत. झाडावर नोटीस दिसली तर तीवरची तारीख वाचावी आणि मुदतीत लेखी हरकत द्यावी, पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला दफ्तरात पाय नसतात. गल्लीत चर खणला जात असेल तर झाड जवळ असल्याचे वृक्ष अधिकाऱ्याला आधीच कळवावे. पदपथाचे काम निघाले की आळ्याची जागा मोकळी सोडायला लावावी. छाटणीची गाडी आली तर मजुराच्या कमरेला पट्टा आहे का ते पाहावे, आणि नसेल तर त्याच्यावर न ओरडता त्याच्या मुकादमाला विचारावे. अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्या प्रतिनिधीला एकच प्रश्न करावा: नवी रोपे किती लावणार हे सांगता, ती जगवायला कायम माळी किती ठेवणार?

त्या शिरिषाचे मात्र पुढे बरे झाले. खटला चालू असताना कोणी त्याला हात लावला नाही, कारण तो पुराव्यात होता. माळीबुवांनी त्याच्या मुळाशी आळे करून घेतले. मजुराला आम्ही त्याच बागेत पाणी सोडण्याचे बसते काम मिळवून दिले, आणि या खेपेस त्याचे नाव हजेरीपटावर आले. त्याच्या पाळीत पाण्याची पहिली नळी त्या झाडाला लागते. मी एकदा त्याला विचारले, "ज्याच्यावरून पडलास त्यालाच पाणी घालतोस?" तो म्हणाला, "साहेब, त्यानं कुठं पाडलं मला?"