बिबटी पाल : तिचें घर व तिचें अन्न

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मी कांहीं दिवस केळशीस एका मित्राच्या घरीं राहिलों होतों. मृगाचा पाऊस अद्याप लागला नव्हता. अंधार पडला कीं नारळीपोफळींच्या आगरांत काजवे लुकलुकूं लागत. एके रात्रीं जेवणें आटोपून आम्ही ओटीवर बसलों असतांना मित्राचा धाकटा मुलगा काचेची एक बरणी घेऊन आला. झांकणाला खिळ्यानें भोंकें पाडलेलीं, तळाशीं मूठभर पुळणीची वाळू, आणि आंतल्या बाजूनें काचेला चिकटलेली एक भली मोठी ठिपकेदार पाल. जांभ्याच्या गडग्यांतून त्यानें ती मोठ्या शिताफीनें धरली होती. "सर, ही लेपर्ड गेको आहे. परदेशांत लोक पाळतात. मीहि पाळणार," असें त्यानें अभिमानानें सांगितलें. पाहुणीची भूक भागावी म्हणून त्यानें बरणींत आठदहा काजवेहि सोडले होते.

मीं कांहीं न बोलतां प्रथम ते काजवे बाहेर सोडून दिले. मुलगा हिरमुसला, म्हणून त्याला कारण सांगणें भाग पडलें. काजव्याच्या अंगांत विष असूं शकतें. अमेरिकेंतील फोटायनस नांवाच्या काजव्यांविषयीं तर हें निश्चित ठाऊक आहे. त्यांचें विष भेकडाच्या अंगांतील विषासारखें असून तें हृदयावर परिणाम करतें. तिकडे पाळलेल्या ऑस्ट्रेलियन दाढीवाल्या सरड्यांनीं असा काजवा गिळला आणि ते थोड्याच वेळांत मेले, असे प्रसंग घडले आहेत. आपले काजवे त्याच कुळांतले. त्यांची परीक्षा पालीच्या जिवावर कां पाहावी?

आतां ती पाल खरोखर बिबटी होती काय? हा निर्णय करण्यास पुस्तक लागत नाहीं. दिवा जवळ आणून तिच्या डोळ्यांकडे पाहा, असें मीं मुलाला सांगितलें. घरच्या पालीला हालणाऱ्या पापण्या नसतात; तिच्या डोळ्यावर पारदर्शक पडदा असतो, आणि तो ती जिभेनें चाटून स्वच्छ करते. बिबट्या पालीला मात्र आपल्यासारख्या मिटणाऱ्या पापण्या असतात. तिच्या गणाचें युब्लेफॅरिस हें शास्त्रीय नांवच मुळीं "चांगल्या पापण्यांची" अशा अर्थाचें आहे. दुसरी खूण पायांची. घरच्या पालीच्या बोटांखालीं चिकटणाऱ्या पट्ट्या असतात, म्हणून ती भिंतीवर व काचेवर चालते. बिबट्या पालीच्या बोटांना केवळ नख्या. ती जमिनीवरची रहिवासी, गुळगुळीत भिंत तिला चढतां येत नाहीं. बरणींतील पाल तर काचेवर उलटी बसली होती! मुलाचा वाद तेथेंच संपला.

लेपर्ड गेको म्हणून जगभर पाळली जाते ती युब्लेफॅरिस मॅक्युलेरियस ही जाति. एडवर्ड ब्लाइथ ह्यानें १८५४ सालीं तिचें वर्णन केलें. अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य हिंदुस्थानांतील रुक्ष, खडकाळ प्रदेश हें तिचें माहेर. तिच्या बहिणी आपल्याकडेहि आहेत: एक जाति महाराष्ट्र व गुजराथेंत आढळते, आणि दुसरी सातपुड्यांतून २०१४ सालीं नव्यानें वर्णिली गेली. ह्या साऱ्या पाली अगदीं निर्विष आहेत. तरीहि खेड्यापाड्यांतून "फार विषारी" म्हणून त्या ठेचल्या जातात, हें सांगतांना मला खेद होतो.

तिच्या पालनपोषणाची माहिती मला मिळाली ती इंग्लंडांत, लेस्टर येथें, माझ्या बहिणीच्या घरीं. तिकडे ही पाल कुत्र्यामांजरांप्रमाणें दुकानांत विकत मिळते. विकलेलीं पिलें बहुधा माणसांच्या देखरेखीखालींच अंड्यांतून निघालेलीं असतात. माझ्या भाचीची पहिली पाल मी पाहिली नाहीं. मी जाण्यापूर्वींच ती मेली होती. विकणाऱ्यानें सांगितलें होतें, "पिठांतल्या अळ्या घालीत जा, दुसरें कांहीं नको." भाचीनें तसेंच केलें. सहा महिन्यांत पालीचे पाय धनुष्यासारखे वांकले, जबडा रबरासारखा मऊ झाला, आणि शेवटीं तिला किडा चावतांहि येईना. पशुवैद्यांकडे नेलें तेव्हां फार उशीर झाला होता. पोट रोज भरत होतें, आणि प्राणी आंतून उपाशी होता!

ह्याचें कारण असें. किड्यांच्या शरीरांत चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, फार थोडें असतें व फॉस्फरस जास्त असतो. रक्तांत कॅल्शियम कमी पडलें कीं शरीर तें हाडांतून काढून घेतें. शिवाय खाल्लेलें कॅल्शियम अंगीं लागण्यास ड जीवनसत्त्व लागतें. रानांत तऱ्हतऱ्हेचे किडे व संधिप्रकाशांतील थोडें ऊन ह्यांनीं ही गरज भागते. पेटींत ती माणसानेंच भागविली पाहिजे. म्हणून किडे कॅल्शियमच्या बारीक भुकटींत घोळून देतात, आणि मधून मधून त्यांत ड जीवनसत्त्व घालतात. कित्येकजण सौम्य अतिनील दिवाहि लावतात. केळशीच्या त्या मुलानें येथें मला विचारलें, "मग पानाचा चुना चालेल?" मुळींच नाहीं, तो दाहक आहे, तोंड व आंतडीं भाजून काढील. समुद्रफेस म्हणून जें पांढरें हलकें कवच किनाऱ्यावर वाहून येतें, तें माकुलाचें हाड असून त्याचा बहुतेक भाग कॅल्शियम कार्बोनेटच असतो. पिंजऱ्यांतल्या पक्ष्यांना तेंच देतात. मुलाची शंका चुकीची असली तरी दिशा बरोबर होती.

भाचीची दुसरी पाल मीं दोन आठवडे स्वतः सांभाळली. बहिणीनें एक कागद लिहून ठेवला होता. त्याबरहुकूम मी वागत असें. बिबटी पाल केवळ मांसाहारी आहे. फळ, पालेभाजी, भात ह्यांचा तिला उपयोग नाहीं. रातकिडे, पाळलेलीं झुरळें, नाकतोडे, कधीं अळ्या, आणि हे सर्व जिवंत. न हालणाऱ्या किड्याकडे ती सहसा पाहत नाहीं. किडा तिच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा. पिलाला रोज, तर पूर्ण वाढलेल्या पालीला दोनतीन दिवसांनीं एकदां अन्न पुरतें; वेळ दिवेलागणीची. किड्यांनाहि आदल्या दिवशीं गाजर व हिरवा पाला खाऊं घालावा लागतो, कारण किड्याच्या पोटांत जें असतें तेंच पालीच्या पोटांत जातें. उरलेले रातकिडे रात्रभर पेटींत ठेवूं नयेत. ते झोंपलेल्या पालीलाच कुरतडतात. घरांतलीं झुरळें तर कधींच घालूं नयेत, कारण त्यांनीं कोणतें औषध खाल्लें असेल हें कोणास ठाऊक? पाण्याची उथळ वाटी मात्र नेहमीं भरलेली असावी.

तिची शेपटी ही तिची कोठी आहे. सुदृढ पालीची शेपटी जाड असते, तींत चरबी सांठते, आणि त्यावर ती बरेच दिवस अन्नावांचून काढूं शकते. भीतीनें ती शेपटी टाकून देते. पुन्हां आलेली शेपटी आंखूड व कांद्यासारखी फुगीर असते. म्हणून तिला शेपटीनें कधीं उचलूं नये, आणि हाताळल्यावर हात साबणानें धुवावे, कारण अशा प्राण्यांच्या विष्ठेंतून साल्मोनेला जंतु पसरतात.

घर म्हणजे निदान तीन फूट लांबीची, हवा खेळती असलेली पेटी. तिचें एक टोक ३० ते ३२ अंश सेल्सियस उबदार, दुसरें २५ च्या आसपास. ह्या प्राण्याचें रक्त आपल्याप्रमाणें स्वतः ऊब धरीत नाहीं. अन्न पचविण्यास तो ऊन जागीं जातो, मग थंड जागीं येतो. एकच उष्णता सर्वत्र ठेवली तर त्याची निवडच आपण हिरावून घेतों. लपण्यास तीन जागा लागतात: एक उबदार, एक थंड, आणि एक ओलसर. कात टाकतांना ही तिसरी जागा नसेल तर बोटांवर जुनी कात आवळून बसते व बोटें गळतात. निघालेली कात ती स्वतःच खाऊन टाकते. पहिल्यानें पाहिलें तेव्हां मी घाबरून बहिणीला फोन केला होता! तळाशीं कागद किंवा फरशी बरी. सुटी वाळू पिलाच्या पोटांत जाऊन आंतडें तुंबतें, हें मुलाच्या बरणीकडे पाहून मला विशेष आठवलें. दोन नर एकत्र ठेवल्यास रक्तपात ठरलेला.

एक विलक्षण गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ही मादी एका वेळीं बहुधा दोन अंडीं घालते, आणि पिलूं नर होणार कीं मादी हें अंड्याच्या उबेवर ठरतें. २६ अंशांच्या सुमारास बहुतेक माद्या निघतात, ३२-३३ अंशांच्या सुमारास बहुतेक नर, आणि त्याहूनहि उष्णता वाढली कीं पुन्हां माद्या!

हें सारें ऐकून मुलानें बरणीकडे पाहिलें. ऊब नाहीं, लपण नाहीं, खालीं वाळू. "आणि ही पंधरावीस वर्षें जगते?" त्यानें विचारलें. चांगल्या देखभालींत बिबटी पाल तितकीं वर्षें जगते खरी. म्हणजे पाळणारा शाळा सोडून, कॉलेज संपवून, नोकरीस लागला तरी ती पेटींत असणार, आणि दर दोनतीन दिवसांनीं तिला किडे लागणार. शिवाय रानांतले प्राणी धरण्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे निर्बंध आहेत, हेंहि मीं त्याला सांगितलें. परंतु माझ्या मतें त्याचा निश्चय कायद्यानें नव्हे, त्या पंधरावीस वर्षांच्या हिशेबानें बदलला.

बॅटरी घेऊन आम्ही दोघे गडग्याशीं गेलों. बरणी आडवी करतांच पाल बाहेर आली, क्षणभर जांभ्यावर थबकली, जिभेनें एक डोळा चाटला, आणि फटींत दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवसापासून मुलगा संध्याकाळीं वही घेऊन ओटीवरल्या दिव्याखालीं बसूं लागला. तेथें तीन घरपाली येत. मी निघालों त्या दिवशींच्या पानावर त्यानें लिहिलें होतें: "मोठी : पतंग ४, डांस पुष्कळ. मधली : पतंग १. शेपूटतुटकी : आली नाहीं."